हरिश्चंद्रगड आणि कोकणकडा: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरिश्चंद्रगडाचा बेत ठरला की प्रश्नही ठरलेले असतात. कुठल्या वाटेने चढायचं, पावसात जायचं की थंडीत, मुक्काम करायचा का, घरच्या मोठ्यांना झेपेल का. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. कोकणकड्यावर पोचून वीस मिनिटांत फोटो काढून परत फिरायचं असेल, तर एवढी चढण चढण्यात अर्थ नाही. या कड्याला वेळ द्यावा लागतो. खालची बरीचशी उत्तरं त्याच हिशेबाने दिली आहेत.

गड नेमका कुठे आहे?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, माळशेज घाटाच्या उत्तरेला. पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमा इथेच जवळ येतात. त्यामुळे गडावर चढणाऱ्या वाटाही तिन्ही बाजूंनी आहेत. गडाची उंची १,४०० मीटरच्या थोडी वर भरते. सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं.

पहिल्यांदाच जातोय. कुठली वाट घ्यावी?

पाचनईची. राजूरमार्गे पाचनई गावात गाडी थेट पायथ्यापर्यंत जाते आणि तिथून अडीच-तीन तासांत आपण गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिरापाशी पोचतो. सुरुवातीला झाडीतून चढण आहे. मग वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी जाते. इथे मान वर केली की डोक्यावर पुढे आलेला खडक दिसतो. पावसाळ्यात वरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा वाटेच्या पलीकडे कोसळतात आणि आपण त्यांच्या आतून कोरडे चालत असतो. पुढे ओढा ओलांडायचा, थोडं चढायचं आणि पठारावर यायचं. अवघड म्हणावं असं या वाटेवर काही नाही. मात्र ओल्या कातळावर शेवाळ धरतं. तिथे पाय टाकण्याआधी बूट नीट टेकतोय का ते बघा आणि जिथे रेलिंग आहे तिथे ते धरा.

दुसरी वाट खिरेश्वरची, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातून येणारी. मुंबई-पुण्याच्या जुन्या भटक्यांची ही लाडकी वाट. खिरेश्वरहून तासाभरात तोलार खिंड लागते. खिंडीत दगडात कोरलेलं व्याघ्रशिल्प आहे. घाईत बरेच जण त्याच्यासमोरून न बघताच निघून जातात. खिंडीच्या वर कातळटप्पा आहे, तिथे रेलिंग आहेत. तो चढून गेलं की संपलं असं वाटतं, पण खरी चाल तिथूनच सुरू होते. एकामागून एक टेकाडं, मधे दाट झाडी आणि बारीकसारीक पायवाटांचं जाळं. मंदिरापर्यंत चार ते पाच तास धरा.

याच टेकाडांवर धुक्यात माणसं वाट चुकतात. पावसाळ्यात खिरेश्वरमार्गे जायचं असेल, तर गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय निघू नका. चार पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

एका वाटेने चढून दुसरीने उतरणं सर्वांत छान. गाडीची सोय होत असेल तर खिरेश्वरने चढा आणि पाचनईला उतरा. गुडघे दुवा देतील.

नळीच्या वाटेबद्दल खूप ऐकलं आहे. ती आम्हाला जमेल का?

हा प्रश्न पडला असेल तर यावेळी नको. नळीची वाट कोकणातल्या बेलपाड्याहून निघते आणि कोकणकड्याच्या कुशीतल्या अरुंद घळीतून वर चढते. सुरुवातीचे कित्येक तास मोठमोठ्या धोंड्यांवरून चढायचं. मग सुटे दगड, घसारा आणि दोर लावावा लागतो असे कातळटप्पे. पुढच्याच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याच्या डोक्याकडे येतो, म्हणून हेल्मेट हवंच. आठ-दहा तास सहज जातात. ही वाट थंडीतच करायची, तीही ती आधी केलेल्या माणसांबरोबर आणि दोर-हार्नेस नीट वापरता येणाऱ्यांनीच. पावसाळ्यात ही घळ म्हणजे धबधब्याचा मार्ग असतो. तेव्हा तिथे पाऊलही टाकू नये.

बेलपाड्याहूनच साधले घाटाची वाट आहे. ती तुलनेने सोपी आहे, पण लांबलचक आहे आणि वाटाड्याशिवाय सापडत नाही.

पायथ्यापर्यंत पोचायचं कसं?

मुंबई-नाशिककडून कसारा, इगतपुरी, घोटी आणि राजूर करत पाचनई. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ आणि पाचनई. दोन्हीकडून पाच-सहा तास हाताशी ठेवा, कारण शेवटचा टप्पा वळणावळणाचा आहे आणि पावसाळ्यात रस्त्याची अवस्था बदलते. राजूरला अकोले, संगमनेर भागातून एसटी येते. राजूरहून पुढे पाचनईला जायला गाड्या कमी, त्यामुळे जीप ठरवून ठेवलेली बरी.

खिरेश्वरसाठी कल्याण-आळेफाटा मार्गावरची एसटी पकडा आणि माळशेज घाट ओलांडला की खुबी फाट्यावर उतरा. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने पाचेक किलोमीटर चाल आहे. पहाटेच्या वेळी धरणाच्या भिंतीवरून समोर गड आणि पाण्यात त्याची सावली, अशी ही चाल होते. शेअर जीप मिळाली तरी जाताना एकदा ती पायी करावी असं माझं मत आहे.

कुठला महिना सर्वांत चांगला?

तुम्हाला काय बघायचं आहे त्यावर अवलंबून. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबर ही माझी निवड. पाऊस सरत आलेला असतो, ओढे वाहते असतात, पठारावर सोनकीची पिवळी फुलं पसरलेली असतात आणि हवा स्वच्छ झाली की कड्यावरून थेट खालची कोकणातली घरं मोजता येतात. कारवी फुललेली सापडली तर तुमचं नशीब मोठं. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, मग डोंगराचे उतारच्या उतार जांभळे होतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सुरक्षित. आकाश निरभ्र, वाटा कोरड्या. रात्री मात्र कडाक्याची थंडी पडते आणि पठारावर वारा अडवणारं काही नसतं.

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे जोरात असतात, पण कड्यावर उभं राहून समोर फक्त पांढरा पडदा दिसण्याची शक्यता जास्त. पाऊस बघायला आलो असं मनाशी ठरवून जा, म्हणजे निराशा होणार नाही. शनिवार-रविवारी या दिवसांत इतकी गर्दी होते की कातळटप्प्यांवर रांगा लागतात. मधला वार मिळाला तर सोडू नका.

एप्रिल-मेमध्ये ऊन तापतं, पाणी आटतं. तरीही करवंद-जांभळांसाठी आणि मेअखेर पायथ्याच्या झाडांवर चमकणाऱ्या काजव्यांसाठी जाणारे जातात. चढाई पहाटे उरका.

महाशिवरात्रीला गडावर मोठी यात्रा असते. भाविक म्हणून जायचं असेल तर अवश्य जा, शांतता हवी असेल तर ती तारीख टाळा.

कोकणकड्यात एवढं विशेष काय आहे?

सह्याद्रीत कडे पुष्कळ आहेत. कोकणकडा त्यांच्यात वेगळा ठरतो तो त्याच्या आकारामुळे. हा कडा सरळसोट भिंतीसारखा उभा नाही. तो अर्धवर्तुळात वळलेला आणि आत वाटीसारखा खोलगट आहे. वरची कड पुढे आली आहे, खालचा कातळ आत गेला आहे. त्यामुळे काठावरून बघताना पायाखालचा खडक दिसतच नाही, एकदम खोल दरी आणि तिच्या तळाशी बेलपाड्याकडची शेतं दिसतात. कड्याचा माथा आणि कोकणातला पायथा यांच्या उंचीत सुमारे एक किलोमीटरचा फरक आहे.

उन्हाच्या तिरप्या प्रकाशात कड्याच्या समोरच्या बाजूवर आडवे पट्टे दिसतात. ते लाव्हाचे थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला, थंड होत गेला आणि थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. त्या पठाराची तुटलेली पश्चिम कड म्हणजे हे सगळे घाटमाथ्यावरचे कडे. कोकणकड्यावर बसून एका नजरेत हा सगळा छेद बघायला मिळतो.

दुपारी तीनच्या सुमारास कड्यावर पोचा आणि सूर्यास्तापर्यंत थांबा. उन्हाची बाजू बदलते तसे कातळाचे रंग काळ्यावरून तांबूस होत जातात, खालची गावं सावलीत जातात आणि वर आपल्याला अजून ऊन असतं. मंदिरापासून कडा अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर आहे. परतताना अंधार होईल, तेव्हा प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी हवी.

वर्तुळाकार इंद्रधनुष्य खरंच दिसतं का?

दिसतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली कोकणकड्यावरून दिसलेल्या अशा वर्तुळाची नोंद प्रसिद्ध केली होती.

ते दिसायला तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. सूर्य पाठीशी हवा. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळची वेळ. समोरच्या दरीत ढग किंवा धुकं हवं, पण आपल्या पातळीच्या खाली. आणि आपल्या डोक्यावर आकाश मोकळं हवं. असं झालं की ढगांवर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांची पूर्ण कडी उमटतात. धुक्यातल्या अतिसूक्ष्म थेंबांवर पडलेला प्रकाश मागे, आपल्याकडे परत फिरतो, म्हणून ती कडी दिसतात. पाच जण ओळीत उभे असले तरी प्रत्येकाला वर्तुळाच्या मध्यभागी स्वतःचंच डोकं दिसतं. शेजाऱ्याचं वर्तुळ आपल्याला दिसत नाही.

पाऊस ओसरतानाचे दिवस यासाठी उत्तम. मागच्या डोंगरांवरून सूर्य वर आला आणि ऊन काठावर पडलं की दरीकडे लक्ष ठेवा. ढग सरकले की सगळं काही मिनिटांत विरून जातं. मुक्काम करणाऱ्यांनाच ते दिसण्याची संधी जास्त, कारण पाचनईहून त्याच सकाळी निघणारे पोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

काठाच्या किती जवळ जाता येतं?

उभं राहून काठावर जाऊच नका. दरी बघायची तर कोरड्या, घट्ट कातळावर पालथं झोपायचं, छातीपासून मागचा सगळा भार जमिनीवर ठेवायचा, मागे कुणीतरी पाय धरून बसायचं आणि मगच मान पुढे करायची. गवत असलेल्या कडेवर हेही नको, कारण गवताखाली माती आहे की पोकळी हे वरून कळत नाही. ओलं असेल, वारा सुटला असेल किंवा धुकं असेल तर चार-पाच पावलं मागे बसूनच बघा.

दरीतून वर येणारा वारा या कड्याचं वैशिष्ट्य आहे. खोलगट भिंतीवर आपटून तो सरळ वर उसळतो. पावसाळ्यात काठाजवळ बसलात तर तुषार खालून वर येऊन हनुवटी भिजवतात. हलकी वस्तू दरीत टाकली की वारा ती परत वर आणून टाकतो, हे ऐकून लोक बाटल्या आणि पिशव्या भिरकावतात. सगळं परत येत नाही. जे येत नाही ते खाली कुणाच्या तरी शेतात, ओढ्यात जाऊन पडतं. दगड तर मुळीच टाकू नका, खाली नळीच्या वाटेवर माणसं असू शकतात.

कड्यावरून दोराने उतरण्याचे कार्यक्रमही होतात. हे काम किती गंभीर आहे याची जाणीव असू द्या. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये याच कड्यावर मृत्यू झाला. कुणी जाहिरात करून स्वस्तात बोलावत असेल, तर आयोजकांचा अनुभव, दोरांची स्थिती आणि बचावाची व्यवस्था याबद्दल खोदून खोदून विचारा. विचारायला संकोच करू नका.

गडावर कड्याशिवाय काय बघायचं?

हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर. दगडी शिखरावरचं कोरीवकाम बघायला सकाळचं ऊन चांगलं. मंदिर परिसरात शिलालेख आहेत, त्यांत चांगदेवांचं नाव येतं. चांगदेवांनी इथे तप केलं अशी परंपरा आहे. मंदिराशेजारची पुष्करणी बांधीव आहे, तिच्या भिंतीत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे आहेत. जवळच मंगळगंगेचा उगम मानला जातो. ती पुढे मुळेला मिळते.

मंदिराजवळच केदारेश्वराची गुहा आहे. आत कमरेइतक्या थंडगार पाण्यात मोठं शिवलिंग आहे. त्याभोवती चार खांब होते, आज एकच धड उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा खांब पडला की कलियुग संपेल, असं गावकरी सांगतात. पाण्यातून प्रदक्षिणा घालण्याची रीत आहे. उन्हाळ्यातही पाय बधिर होतात. साबण लावून अंघोळ करणं किंवा आत आरडाओरडा करून पाणी उडवणं याला काय म्हणावं! हे लोकांचं श्रद्धास्थान आहे. भर पावसात समोरचा ओढा भरला की गुहेपर्यंत जाणं जमत नाही, तेव्हा हट्ट करू नका.

गडावरच्या गुहांपैकी एकीत पुरुषभर उंचीहून मोठी गणेशमूर्ती आहे, तीही पाहा.

तारामती शिखरावर जावं का?

वेळ आणि दम असेल तर जरूर. गडाचं हे सर्वोच्च टोक. मंदिराच्या मागून वाट चढते. हवा स्वच्छ असली की उत्तरेला कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, रतनगड आणि आजोबा, दक्षिणेला नाणेघाट, जीवधन अशी मंडळी ओळखता येतात. नकाशा घेऊन वर बसा आणि एकेक नाव लावत जा, दोन तास कसे गेले कळत नाही. तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र ही शिखरांची नावं राजा हरिश्चंद्राच्या कुटुंबावरून पडली आहेत.

हा किल्ला आहे, मग तटबंदी कुठे आहे?

फारशी नाहीच. कडे हेच गडाचं संरक्षण. १७४७ साली मराठ्यांनी तो मोगलांकडून घेतला. या डोंगरांत महादेव कोळी समाजाची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि आजही वाटाडे, जेवण करणाऱ्या ताई-मावशी, मुक्कामाची सोय करणारे बहुतेक त्याच गावांतले आहेत.

मुक्काम कुठे करावा?

पाचनईत किंवा खिरेश्वरला गावकऱ्यांच्या घरी. आदल्या रात्री पोचून पहाटे निघणं सर्वांत सोयीचं. गडावर राहायचं असेल तर वन विभागाच्या नाक्यावर त्या हंगामातले नियम आधी विचारून घ्या, प्रवेशशुल्क भरा आणि सांगतील तिथेच तंबू लावा. परवानगी असली तरी तंबू कड्याच्या काठावर नको. रात्री वारा फिरला की तंबू उखडतो, आणि अंधारात झोपेतून उठून बाहेर पडणाऱ्याला काठ दिसत नाही.

वर खायला-प्यायला मिळतं का?

हंगामात मिळतं. मंदिराजवळ आणि कड्याकडे गावकऱ्यांच्या झोपड्यांत पोहे, चहा, ताक, पिठलं-भाकरी मिळते. चुलीवरची गरम तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, वर ठेचा, अंगात थंडी भरलेली असताना याहून चांगलं जेवण नाही. मोठा गट असेल तर चढण्याआधी खालीच सांगून ठेवा. हे सगळं सामान माणसांनी पाठीवरून वर आणलेलं असतं, म्हणून पाण्याच्या बाटलीच्या किमतीवरून घासाघीस करू नका. रोख पैसे, तेही सुटे, जवळ असू द्या. गडावर मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही.

स्वतःजवळ माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघा. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांचं पाणी प्यायचं झालं तर गाळून, औषध टाकून किंवा उकळून.

लहान मुलं आणि ज्येष्ठांना झेपेल का?

पाचनईच्या वाटेने, थंडीत, चालण्याची सवय असेल तर हो. आठ-दहा वर्षांची मुलं मजेत चढतात. त्यांना कड्यावर हाताला धरून ठेवणारा एक मोठा माणूस प्रत्येकी हवा. ज्येष्ठांना चढण्यापेक्षा उतरताना त्रास होतो, म्हणून काठी द्या आणि उतरायला भरपूर वेळ ठेवा. दुपारी चारला गडावरून निघून अंधारात कातळ उतरण्याची वेळ त्यांच्यावर आणू नका. ज्यांना हृदयविकार आहे किंवा उंचीची भीती वाटते, त्यांनी पाचनईपर्यंत यावं. गावातूनही गडाची कातळभिंत सुंदर दिसते.

एका दिवसात होतो का?

पाचनईहून होतो. पहाटे सहाला चढायला सुरुवात करा, नऊपर्यंत मंदिर, मग केदारेश्वर, दुपारी कडा आणि तीनच्या आत परतीची वाट. सूर्यास्त आणि सकाळचं ऊन मात्र हुकतं. दोन दिवस काढता येत असतील तर काढाच.

अभयारण्याचे नियम काय?

झाडं तोडायची नाहीत, सरपण गोळा करून शेकोटी पेटवायची नाही, मोठ्याने गाणी लावायची नाहीत, ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही. या रानात शेकरू आहे, आपला राज्यप्राणी. सकाळी शांतपणे चाललात तर झाडाच्या शेंड्यावरून उडी मारताना दिसतो. स्पीकर वाजवत गेलात तर तो दिसायचा नाही. कचरा पिशवीत भरून खाली गाडीपर्यंत आणायचा, कणसाचं बुरखंड आणि संत्र्याची सालंसुद्धा.

कुणाला दुखापत झाली किंवा वाट चुकली तर?

वाट चुकलीय असं वाटलं की थांबा. ओढ्याच्या कडेने खाली उतरत गेलं की गाव लागेल, हा विचार सह्याद्रीत घातक आहे, कारण ओढा थेट कड्यावरून कोसळतो. शेवटची खात्रीची जागा आठवून तिथे परत जा, जमलं नाही तर एकत्र बसून राहा, शिट्टी वाजवा, विजेरी दाखवा. रेंज मिळाली तर ११२ लावा. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांचं बचाव समन्वय केंद्र आहे, त्याचा क्रमांक निघण्याआधीच फोनमध्ये साठवा. सर्वांत आधी धावून येतात ते मात्र गावकरीच, म्हणून चढण्याआधी पायथ्याच्या घरी किती जण आहोत आणि कधी परतणार ते सांगून निघा. उतरल्यावर आलो म्हणून सांगायलाही विसरू नका, नाहीतर ते रात्री शोधायला बाहेर पडतात.

परतताना वाटेत काही बघण्यासारखं?

खिरेश्वरला उतरलात तर गावातलं नागेश्वराचं प्राचीन मंदिर बघा. आत गेल्यावर छताकडे बघा, तिथल्या कोरीव शिल्पांसाठी पाच मिनिटं मान वर ठेवण्याचा त्रास सार्थकी लागतो. पाचनईमार्गे परत असाल तर राजूरला गाडी थांबवून पेढे घ्या. संध्याकाळी उशीर झाला तर संपलेले असतात.